हजेरीचे फोटो

आमच्या चंद्रपूरच्या घरी कपाटात एक जाड अल्बम आहे. त्यात आई-बाबांचे २८ फोटो आहेत, वर्षाला एक. त्यांचं लग्न १९९५ सालचं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपासून बाबांनी एक नेम धरला: सुट्टीत कुठंतरी जायचं आणि तिथं दोघांचा एक फोटो काढायचा. एकच. बाबा शाळेत शिक्षक. सुट्टी ठरलेली, पगारही ठरलेला, त्यामुळे ‘कुठंतरी’ म्हणजे एसटी जिथवर नेईल तिथवर. ताडोबा, मार्कंडा, सोमनाथचा धबधबा, आलापल्लीचं जंगल, कमलापूरचे हत्ती, भामरागडचा संगम. फोटोच्या मागे बाबांच्या वळणदार अक्षरात जागा आणि साल.

लहानपणापासून मी हा अल्बम प्रेमकथा म्हणून वाचत आले. माझं ते वाचन कसं चुकलं, ते इथं सांगायचं आहे.

आपण कादंबरीवर लिहितो, सिनेमावर लिहितो, वेबसिरीजवर तर तावातावाने लिहितो. पण आपल्यातले बहुतेक लोक आयुष्यभर ज्या एका प्रकारात निर्मिती करतात, त्या जोडीच्या सहलीच्या फोटोची समीक्षा कोणी करत नाही. त्याला फक्त लाइक मिळतो. लग्नाच्या वाढदिवसाला दहा फोटोंची माळ, खाली लाल हृदयं, की झालं. या फोटोलाही काही नियम आहेत, परंपरा आहे, आणि खोटं बोलायच्या त्याच्या स्वतःच्या तऱ्हाही आहेत.

*

परंपरा जुनी आहे. तुमच्या आजी-आजोबांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो आठवून बघा. आजोबा खुर्चीत, आजी बाजूला उभी, तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नाही. मागे रंगवलेला पडदा: कमान, जिना, कुंडी. कोण बसणार आणि कोण उभं राहणार हे फोटोग्राफरला सांगावं लागत नसे. जत्रेत तोच पडदा उघड्यावर आला. चंद्रपूरला चैत्रात महाकालीची यात्रा भरते. अशा यात्रा-जत्रांमधून पुठ्ठ्याच्या चंद्रावर नाहीतर लाकडी मोटारसायकलवर बसून नव्या जोड्यांनी फोटो काढून घेतले. कुठं गेलो नाही तरी गेल्यासारखं दाखवता यायचं.

मग कॅमेरे स्वस्त झाले, रंगीत रोल आला आणि पडद्याच्या जागी खरं जंगल आलं. पडद्याचं काम मात्र तेच राहिलं. पिअर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत फोटोग्राफीवर एक पुस्तक केलं, १९६५ साली. घरगुती फोटोचं मुख्य काम सौंदर्य टिपणं हे नसून कुटुंब एकसंध आहे हे कुटुंबालाच पुन्हा पुन्हा सांगणं हे आहे, असा त्यातला एक मुद्दा आहे. आमच्या अल्बमला हे तंतोतंत लागू पडतं. २८ फोटोंत वाघ एकही नाही. मार्कंड्याच्या देवळावरची शिल्पं धड दिसत नाहीत. दिसतात ती दोघं, मधोमध, पायापासून डोक्यापर्यंत.

बारकाईनं पाहिलं की काही गोष्टी ध्यानात येतात. आई कायम डावीकडे. पहिल्या काही वर्षांत दोघांमध्ये वीतभर अंतर, मग ते कमी होतं, मग मध्ये मी येते आणि अंतर पुन्हा वाढतं. आईच्या खांद्यावर एकच पर्स अकरा वर्षं. बाबांच्या हातात १९९९ पासून छत्री, दिवाळीतसुद्धा. २००५ च्या मार्कंड्याच्या फोटोत मागे वैनगंगा आहे, जी तिथं उत्तरेकडे वळते आणि म्हणून पवित्र मानली जाते. पण फोटोत तिचा नुसता एक राखाडी पट्टा आहे. २०२० सालचा फोटो आमच्या गच्चीवरचा. मागे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि दोघांच्या गळ्यात उतरवलेले मास्क. त्याच्या मागेही बाबांनी जागा लिहिली आहे: ‘गच्ची’.

*

२००७ पासून फोटो मी काढते. मी नऊ वर्षांची होते आणि घरात डिजिटल कॅमेरा आला होता. त्याआधीचे फोटो कोणी काढले? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. बाबांना विचारलं तर त्यांना बरेच आठवत होते. मार्कंड्याला पुजाऱ्यांनी. आलापल्लीला बसच्या कंडक्टरनं, गाडी दोन मिनिटं थांबवून. ताडोब्यात गाइडनं, दोन वेगळ्या वर्षी.

हा गाइड कोण असतो ते आमच्याकडच्या लोकांना माहीत आहे. तो, आणि आता कितीतरी ठिकाणी ती, मोहर्ली, कोलारा अशा फाटकांजवळच्या गावांतली असते. ज्या जंगलासमोर पाहुणे फोटो काढतात त्या जंगलाच्या पोटात काल-परवापर्यंत गावं होती. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही त्यांतली काही नावं. व्याघ्र प्रकल्पासाठी ती बाहेर वसवली गेली. ताडोबा हे नावच तारू या गोंड वीराचं. तो वाघाशी लढताना गेला अशी कथा आहे. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं आदिवासींची यात्रा भरत आली. म्हणजे दर वर्षी ठरलेल्या वेळी ताडोब्याला येण्याची रीत राष्ट्रीय उद्यानाहून जुनी आहे. उद्यान १९५५ सालचं. आमचा अल्बम तर कालचा. आपण ‘आमची दर वर्षीची ताडोबा ट्रिप’ असं लिहितो, तेव्हा ज्यांची ही रीत मुळात होती ती माणसं आपल्या फोटोत नसतात. बहुधा ती कॅमेऱ्याच्या मागे असतात, आपला फोन हातात धरून.

२०१८ च्या अखेरीस ताडोब्याच्या सफारीत मोबाइल न्यायला बंदी आली. वाघ दिसला की जिप्सींची गर्दी, सेल्फीसाठी धडपड, एकमेकांना लोकेशन कळवणं, हे थांबवण्यासाठी. वेगळा कॅमेरा चालतो, फोन नाही. त्यामुळे कॅमेरा नसलेल्या जोडप्यांचा फोटो आता फाटकाबाहेरच निघतो, पाटीसमोर, आत जायच्या आधी नाहीतर बाहेर आल्यावर. अनेकांना याचा राग येतो. मला मात्र यात गंमत वाटते. खऱ्या जंगलासमोर उभं राहायला मिळत नाही म्हणून आपण पुन्हा रंगवलेल्या वाघासमोर उभे राहतो. जत्रेतला पडदा परत आला.

*

दर वर्षी एक फोटो, या कल्पनेवर जगात नावाजलेली कामं झाली आहेत. अर्जेंटिनाचे दिएगो गोल्डबर्ग आणि त्यांची पत्नी सूसी १९७६ पासून दर वर्षी १७ जूनला घरच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याचा एक फोटो काढत आले आहेत. पहिल्या वर्षी दोनच चेहरे. मग मुलगे येतात, मोठे होतात, त्यांच्या बायका-मुलं येतात. ओळ लांबत जाते. जागा नाही, सहल नाही, पडदा नाही. फक्त वेळ. ते फोटो इंटरनेटवर ओळीनं सरकवत पाहिले की पोटात गलबलतं, आणि यात कोणाचं काय बिनसलं, कोण कोणाशी बोलत नव्हतं, याचा मात्र जराही पत्ता लागत नाही.

दुसरं काम निकोलस निक्सन या अमेरिकन फोटोग्राफरचं. १९७५ पासून त्यांनी ब्राऊन आडनावाच्या चार बहिणींचा दर वर्षी एक कृष्णधवल फोटो काढला. डावीकडून उजवीकडे क्रम कायम तोच: हेदर, मिमी, बीबी, लॉरी. २०१४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ४० वर्षांचे ४० फोटो लागले, तेव्हा लोक त्यांच्यासमोर रडले म्हणतात. या मालिकेबद्दल बोलताना सगळे बहिणींबद्दल बोलतात. पण बीबी ही निक्सनची बायको. म्हणजे ही मालिका एका लग्नाचीही आहे. त्यातला नवरा कॅमेऱ्यामागे आहे आणि बायको चौकटीत, आपल्या बहिणींमध्ये. काही फोटोंत निक्सनची सावली त्या चौघींच्या अंगावर पडलेली दिसते. नवऱ्याचं अस्तित्व तेवढंच. मला ती सावली सगळ्या मालिकेत फार प्रामाणिक वाटते. हा फोटो कोणीतरी काढतो आहे, त्या कोणाचं तरी यात काहीतरी गुंतलेलं आहे, हे ती कबूल करते.

आमच्या अल्बममध्ये माझी सावली एकदाच आहे. २०१२, सोमनाथ. सूर्य पाठीशी होता. बाबा म्हणाले, फोटो बिघडला. तो बदलायला दुसरा फोटो काढला नाही, कारण नेम एकाच फोटोचा.

*

आता अल्बममधल्या गाळलेल्या पानाबद्दल. १९९६ ते २०२४ म्हणजे २९ वर्षं. फोटो २८. २००३ चा फोटो नाही. लहानपणी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘‘रोल खराब झाला.’’ आमच्या पिढीला हे पटकन खरं वाटतं. रोल नावाची गोष्ट खराब होण्यासाठीच असते असा आमचा समज.

मागच्या वर्षी मी हे सगळे फोटो स्कॅन करायला घेतले. पुण्याहून सुट्टी काढून आले होते. माझ्या डोक्यात एक गोड व्हिडिओ होता, मागे गाणं वगैरे. आई भाजी निवडत बसली होती. मी सहज म्हटलं, तेवढा २००३ चा रोल खराब झाला नसता तर सलग झालं असतं बघ.

आई म्हणाली, ‘‘रोल नाही खराब झाला. मी गेलीच नव्हती.’’

त्या दिवाळीत आई वणीला माहेरी निघून गेली होती. मला घेऊन. मी पाच वर्षांची, मला फक्त मामाकडचे फटाके आठवतात. भांडण कशावरून झालं तर सहलीवरून. आईला समुद्र बघायचा होता. लग्न झाल्यापासून बघायचा होता. बाबांनी परस्पर पुन्हा भामरागड ठरवलं होतं.

‘‘पण तुला आवडायचं ना जंगल?’’

‘‘जंगल काय, आवडतंच. पण कुठं जायचं ते मले कोणी विचारलं होतं का? एवढे फोटो काढले तू, एकदा तरी समुद्र दिसला का त्यात?’’

मी २८ फोटो पुन्हा लावून पाहिले. नदी, तलाव, धबधबा, संगम. पाणी सगळीकडे होतं. आणि सगळ्या फोटोंत आई हसत होती, कारण निदान २००७ पासून मी दर वेळी ‘हसा’ म्हणून ओरडत होते.

*

आईच्या उशाशी ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं कायम असतात. त्यांत ‘आहे मनोहर तरी’ मी दोन-तीनदा पाहिलं होतं. तेच ते पुस्तक ती पुन्हा का आणते हे मला कळलं नव्हतं.

मराठीत एका जोडप्याच्या प्रवासाची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची तर ती पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ आणि सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’. ‘अपूर्वाई’ १९६० चं. पु. ल. आणि सुनीताबाई दोघं विलायतेला गेले, त्याचं हे प्रवासवर्णन. त्यात फोटोंऐवजी शि. द. फडणीसांची हसरी चित्रं आहेत, आणि ते पुस्तकाच्या वृत्तीला साजेसंच आहे. पु. लं.चं गद्य जे पाहतं त्याला हसायला लावतं, स्वतःला सगळ्यांत जास्त. बायको त्या प्रवासात सोबत आहे, पुस्तकातही आहे, पण बोलणारा एकच आहे. तीन पिढ्यांच्या मराठी घरांत परदेश पहिल्यांदा आला तो या पुस्तकातून, आणि तो आनंदी होता.

‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं. तीस वर्षांनी. ते प्रवासवर्णन नाही, आठवणींचं मुक्त लेखन आहे. पण ते वाचताना मला सतत वाटत राहिलं, की हसऱ्या फोटोतली बाई मान वळवून बोलायला लागली आहे. गाडी कोण चालवत होतं, व्यवहार कोण बघत होतं, लाडक्या माणसाच्या लाडकेपणाचा खर्च घरात कोण उचलत होतं. पुस्तक आलं तेव्हा बरीच खळबळ झाली. आमच्या भाईंबद्दल असं कसं लिहिलं, हा एक सूर. तो सूर मी ओळखते. व्हिडिओसाठी फोटो स्कॅन करत असताना आई बोलली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तोच आला: आत्ता कशाला?

पण सुनीताबाईंचं पुस्तक ‘अपूर्वाई’ला खोटं ठरवत नाही. दोन्ही खरी आहेत. एकात जोडपं जगाला कसं दिसलं ते आहे, दुसऱ्यात जोडप्याच्या आत बसून काय दिसलं ते. या दोघांचं लग्न १२ जून १९४६ चं. पु. ल. गेले ते १२ जून २००० ला. लग्नाच्या वाढदिवशीच. ५४ वर्षांच्या या सोबतीला नुसतं प्रेम म्हटलं तरी अपुरं पडतं, आणि नुसती तक्रार म्हटलं तरीही.

*

आणि हे काही पुण्या-मुंबईच्याच जोडप्यांचं नाही. आमचे दोन जिल्हे बाहेरच्यांना ज्या चेहऱ्यांनी माहीत आहेत, ते चेहरे बहुतेक जोडीनं आहेत. आनंदवनचे बाबा आणि साधनाताई आमटे. हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे. शोधग्रामचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. दर वर्षी महाराष्ट्रातून सहली निघतात आणि या जोडप्यांसोबत फोटो काढून परत जातात.

बाबा आमट्यांच्या पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना पुढच्या आयुष्यात बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं. म्हणजे नवरा खुर्चीत आणि बायको बाजूला उभी, ही जुनी चौकट इथं जमणारच नव्हती. १९९० साली आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, साधनाताईही गेल्या. दोघांच्या प्रवासाची अशी ठिकाणं. त्यांची सुट्टी कधी लागली असेल असं वाटत नाही. साधनाताईंनी ‘समिधा’ लिहिलं. नावातच किती आहे बघा. यज्ञ कोणाचा आणि लाकूड कोणाचं, हा प्रश्न त्यांनी शीर्षकात ठेवला आणि आवाज चढवला नाही.

मॅगसेसे पुरस्कार १९८५ साली बाबा आमट्यांना मिळाला. एकट्यांना. २००८ साली तोच पुरस्कार प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोघांना मिळून जाहीर झाला. एका पिढीच्या अंतरानं चौकट रुंदावली आणि बायको सोबत न राहता नावानिशी आत आली. कोणीतरी मध्ये विचारलं असणार, की फोटोत कोण कोण हवं.

*

मग आमच्या अल्बमचं काय करायचं? तो खोटा आहे का? मला तसं वाटत नाही. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते. वर्षाला एक फोटो हा सुखाचा पुरावा नसतोच, तो हजेरीपट असतो. शाळेतल्या हजेरीपटावरून मुलाला गणित आवडतं का हे कळत नाही, तो आला होता एवढंच कळतं. आई २८ वर्षं आली. रागातही आली, नाखुशीनं आली, काही वर्षं मनापासून आली. एक वर्ष आली नाही आणि तिथं रिकामी चौकट आहे. मला आता तो २००३ चा नसलेला फोटो अल्बममधला सगळ्यांत बोलका वाटतो. तो नसता तर बाकीच्या २८ ठिकाणी येणं ही आईची निवड होती, हे मला कधी कळलंच नसतं.

सेल्फीत हे होत नाही. २०१९ साली मी नोकरीमुळे घरी येऊ शकले नाही, तेव्हा दोघांनी मार्कंड्याला सेल्फी काढला. बाबांचा अर्धा चेहरा, आईचं कपाळ, नदी गायब. तंत्र म्हणून अल्बममधला सगळ्यांत वाईट फोटो. बाकी २७ फोटोंत ती कोणाकडे तरी बघतात, गाइडकडे, कंडक्टरकडे, माझ्याकडे. इथं ती पडद्यावर स्वतःकडे बघतात. तिसरा माणूस नसला की फोटो काढताना क्षणभर कोणावर तरी विसंबावं लागतं, ते राहून जातं. त्याच्याबरोबर त्याची सावलीही जाते. म्हणून पुढच्या वेळी कोणाची वाढदिवसाची फोटोमाळ दिसली तर लाइक जरूर द्या, पण दोन गोष्टी मनात विचारून बघा: हे कोणी काढलं, आणि कोणतं वर्ष यात नाही?

तो गोड व्हिडिओ मी केला नाही. स्कॅन मात्र पूर्ण केले, २००३ च्या जागी एक कोरं पान ठेवून. बाबांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत.

या दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांचा आईशी फोनवर चाललेला संवाद मी ऐकला. ती मावशीकडे नागपूरला गेली होती आणि मी सुट्टीला घरी आले होते. एसटीचं, गुडघ्यांचं, दिवाळीच्या फराळाचं झाल्यावर बाबा थोडं थांबून म्हणाले, ‘‘यंदा कुठं जायचं?’’ २९ वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत होते. आईनं उत्तर द्यायला तीन दिवस घेतले.

दोघं पुण्याला आली आणि तिथून आम्ही दिवेआगरला गेलो. सकाळ होती, भरती येत होती. बाबा सवयीनं उजवीकडे उभे राहिले, छत्री हातात, नजर कॅमेऱ्याकडे. आई डावीकडे होती, पण तिनं पाठ फिरवली होती आणि ती समुद्राकडे बघत होती. मी ‘हसा’ म्हटलं नाही. नेमाप्रमाणे एकच फोटो काढला. त्यात आईचा चेहरा दिसत नाही. वाळूवर माझी लांबलचक सावली आहे, दोघांच्या पायांपर्यंत गेलेली.